ग्रीक लिपीला यंत्राची वाचा

इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अथेन्स नगरीत डेमोस्थेनीस नावाचा एक थोर वक्ता होऊन गेला. तरुणपणी त्याचे उच्चार अस्पष्ट होते आणि बोलताना त्याला दम लागत असे. हा दोष घालविण्यासाठी तो तोंडात गोटे धरून भाषणाचा सराव करी आणि चढणीवर धावता धावता काव्यपंक्ती म्हणत असे, असे प्लुटार्क या प्राचीन चरित्रकाराने नमूद करून ठेवले आहे. त्यानंतर तेवीस शतकांनी, २००१ साली, त्याच अथेन्स शहरातील विद्यापीठात तयार झालेल्या एका संगणकीय यंत्रणेस डेमोस्थेनीसचे नाव देण्यात आले. लेखी ग्रीक मजकूर मोठ्याने वाचून दाखविणे हे या यंत्रणेचे कार्य होय.

ग्रीक भाषेची लेखी परंपरा तीन हजार वर्षांहून अधिक जुनी आहे. अशा भाषेतील मजकूर यंत्राकडून वाचून घ्यावयाचा म्हणजे एका अक्षरामागून दुसरे अक्षर उच्चारावयाचे, एवढेच काम असावे असा समज होण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात, वाचताना मनुष्य किती गोष्टी स्वतःच्या पदरच्या घालीत असतो, याची जाणीव यंत्राला वाचावयास शिकवू लागल्यावरच होते. जे लिहिणाऱ्याने लिहिले नाही आणि जे भाषेच्या जाणकारांनी नियम म्हणून सांगितले नाही, ते यंत्राला वाचता येत नाही. ग्रीक भाषेच्या बाबतीत ही अडचण कशी सोडविण्यात आली, हे पाहणे आपल्या दृष्टीनेही उद्बोधक ठरेल.

गरज कोणाची?

अंध व्यक्तीच्या घरी टपालाने एक पत्र येते. ते बँकेचे असेल, रुग्णालयाचे असेल किंवा निवृत्तिवेतनाच्या कचेरीचे असेल. ते वाचून घेण्यासाठी तिला शेजाऱ्याची किंवा आप्तांची वाट पाहावी लागते आणि आपली खाजगी बाब दुसऱ्यासमोर उघड करावी लागते. ब्रेल लिपीने अंधांना ज्ञानाचे दार उघडून दिले, याबद्दल दुमत नाही. परंतु दररोज निघणारा प्रत्येक कागद ब्रेलमध्ये उतरविणे कोणत्याही शासनाला शक्य झालेले नाही. मजकूर संगणकावर असेल आणि तो वाचून दाखविणारी यंत्रणा हाताशी असेल, तर मात्र अंध नागरिक आपला कागद आपणच वाचू शकतो. या सोयीमागे स्वावलंबनाचा आणि प्रतिष्ठेचा प्रश्न आहे.

ही गरज केवळ अंधांची नाही. दृष्टी मंदावलेले वृद्ध, वाचनदोष असलेली मुले, आजारपणात वाचा गमावलेले रुग्ण आणि फारसे शिक्षण न झालेले प्रौढ या सर्वांना यंत्राच्या वाणीचा आधार मिळतो. ग्रीस आणि सायप्रस हे दोन्ही देश युरोपीय संघाचे सदस्य आहेत. सार्वजनिक संस्थांची संकेतस्थळे अपंगांना वापरता येतील अशीच असली पाहिजेत, असा निर्देश या संघाने २०१६ साली काढला. त्यामुळे मजकूर यंत्राला नीट वाचता येणे ही सदस्य देशांतील शासकीय कार्यालयांची जबाबदारी झाली.

यंत्राकडून मनुष्यवाणी काढण्याचे प्रारंभीचे बरेचसे यश इंग्रजी भाषेच्या वाट्याला आले. १९३९ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात बेल प्रयोगशाळेचे 'व्होडर' हे बोलके यंत्र लोकांनी ऐकले. मात्र ते चालविण्यासाठी प्रशिक्षित व्यक्तीला पियानो वाजविल्याप्रमाणे कळा दाबाव्या लागत. १९८४ साली 'डेकटॉक' हे इंग्रजी मजकूर आपोआप वाचणारे यंत्र बाजारात आले. परंतु इंग्रजीचे नियम शिकलेल्या यंत्रापुढे ग्रीक मजकूर ठेवला, तर त्यातून अर्थहीन आवाजच बाहेर पडणार. ग्रीक बोलणाऱ्यांची संख्या सुमारे १ कोटी ३० लाख आहे. बाजारपेठेच्या हिशेबाने ही संख्या लहान असल्याने या भाषेचे काम परदेशी कंपन्यांवर सोपवून भागणार नव्हते. ते ग्रीक विद्यापीठांनी आणि संशोधन संस्थांनी स्वतः हाती घेतले.

वाचनाच्या तीन पायऱ्या

लेखी मजकुराचे वाणीत रूपांतर करणाऱ्या यंत्रणेचे काम सर्वसाधारणपणे तीन पायऱ्यांनी चालते. पहिल्या पायरीवर मजकूर साफ केला जातो; म्हणजे अंक, तारखा, संक्षेप आणि चिन्हे यांच्या जागी पूर्ण शब्द मांडले जातात. दुसऱ्या पायरीवर प्रत्येक शब्दाचा उच्चार ठरविला जातो. वाक्यात सूर कोठे चढवावयाचा, कोठे उतरवावयाचा आणि कोठे थांबावयाचे, हेही येथेच निश्चित होते. तिसऱ्या पायरीवर या सूचनांनुसार प्रत्यक्ष आवाज निर्माण केला जातो. सामान्य माणसाला तिसरी पायरी सर्वांत कठीण वाटते. तज्ज्ञांचा बराच वेळ मात्र पहिल्या दोन पायऱ्यांवर खर्च होतो.

लिहिणे अवघड, वाचणे सोपे

ग्रीक लिपीत २४ वर्ण आहेत. गणिताच्या पुस्तकांतून अल्फा, बीटा, गॅमा ही नावे आपल्या शिक्षकांच्या परिचयाची आहेत. अडीच हजार वर्षांत ग्रीकांचे उच्चार पुष्कळ बदलले. स्पेलिंग मात्र बरेचसे जुनेच राहिले. आजचा ग्रीक मनुष्य 'बीटा' न म्हणता 'वीटा' म्हणतो. प्राचीन काळी भिन्न असलेले अनेक स्वर आज एक झाले आहेत. परिणामी 'ई' हा एकच उच्चार सहा निरनिराळ्या प्रकारे लिहिला जातो. 'शांतता' या अर्थाचा 'इरीनी' हा शब्द घ्या. त्यातील पहिला 'ई' दोन वर्ण जोडून लिहितात, तर पुढचे दोन 'ईटा' या एका वर्णाने लिहितात. ऐकताना तिन्ही सारखेच.

शुद्धलेखन शिकणाऱ्या मुलांना ही रीत जाचक वाटत असली, तरी वाचणाऱ्या यंत्राला ती फारशी अडवीत नाही. सहा लेखनप्रकारांचा उच्चार एकच असल्याने लिपीकडून उच्चाराकडे जाण्याचा मार्ग बहुतांशी सरळ आहे. इंग्रजीप्रमाणे शब्दागणिक उच्चार पाठ करण्याची वेळ ग्रीकमध्ये क्वचितच येते.

तरीसुद्धा काही ठिकाणी पुढचा वर्ण पाहिल्यावाचून उच्चार ठरत नाही. अल्फा आणि इप्सिलॉन हे वर्ण जोडून आले, तर त्यांचा उच्चार कधी 'आव्' होतो, तर कधी 'आफ्'. पुढे घोष व्यंजन किंवा स्वर असेल तर 'आव्', अघोष व्यंजन असेल तर 'आफ्', असा हा नियम आहे. म्हणून 'अंडे' या अर्थाचा शब्द 'आव्घो' आणि 'तो' या अर्थाचा शब्द 'आफ्तोस' असा उच्चारला जातो. 'वाक्' आणि 'ईश' यांच्या संधीत 'क्'चा 'ग्' होऊन 'वागीश' कसे होते, हे जाणणाऱ्यांना या नियमाचे नवल वाटणार नाही.

शब्दांच्या सीमेवरही असेच फेरफार घडतात. 'तोन पातेरा', म्हणजे 'वडिलांना', हे शब्द सहज बोलण्यात 'तोम् बातेरा' असे होतात. मराठीत अनुस्वाराचे चिन्ह एकच असले, तरी 'संप' या शब्दात त्याचा उच्चार 'म्', 'संत' या शब्दात 'न्' आणि 'अंक' या शब्दात 'ङ्' असा होतो. आपण हे नकळत करतो. यंत्राला मात्र प्रत्येक वळण सांगावे लागते.

काही शब्द तर अगदी सारखेच लिहिले जातात, पण वेगळे बोलले जातात. 'परवाना' किंवा 'रजा' या अर्थाचा शब्द 'आ-दि-आ' असा तीन भागांत उच्चारतात. 'रिकामी' या अर्थाचा शब्द 'आ-द्या' असा दोन भागांत. लेखनात, चिन्हांसह, दोन्ही एकच. येथे वर्णांचे नियम संपतात आणि वाक्याचे व्याकरण पाहणे भाग पडते. शब्द नाम म्हणून आला आहे की विशेषण म्हणून, हे ओळखल्याखेरीज यंत्राला 'परवाना' आणि 'रिकामी' यांतला भेद कळत नाही.

एका चिन्हाचे मोल

ग्रीक भाषेत शब्दातील एका भागावर जोर देऊन बोलतात. हा जोर, म्हणजेच आघात, शब्दाच्या शेवटच्या तीन भागांपैकी कोणत्याही एकावर असू शकतो आणि त्यावर अर्थ अवलंबून असतो. 'नोमोस' या शब्दात 'नो'वर आघात दिला तर अर्थ होतो 'कायदा'. 'मोस'वर दिला तर अर्थ होतो 'जिल्हा'. 'पोते' या शब्दात पहिल्या भागावर आघात असेल तर 'केव्हा?' असा प्रश्न होतो. दुसऱ्या भागावर असेल तर 'कधीही नाही' असा नकार. आघात चुकला की वाक्याचा अर्थच उलटतो.

सुदैवाने ग्रीक लेखनात आघाताचे चिन्ह शब्दावर दिलेले असते. इंग्रजी किंवा रशियन मजकूर वाचणाऱ्या यंत्राला आघात शब्दकोशावरून शोधावा लागतो. ग्रीक यंत्राला तो समोर लिहिलेला मिळतो. ही सोय आज आहे त्या स्वरूपात येण्यामागे एक शासकीय निर्णय आहे. ग्रीक लेखनात शतकानुशतके तीन प्रकारची आघातचिन्हे आणि शब्दारंभीच्या स्वरावरील दोन श्वासचिन्हे वापरीत असत. उच्चारातील त्यांचा भेद प्राचीन काळीच लोपला होता, तरी शाळेत मुलांना ती पाठ करावी लागत. १९७६ साली 'काथारेवुसा' या पंडिती भाषेऐवजी 'दिमोतिकी' ही लोकभाषा ग्रीसमधील शिक्षणाची भाषा झाली आणि पुढे ती राज्यकारभारातही रूढ झाली. १९८२ साली लेखनातील जुनी चिन्हे काढून टाकून एकच आघातचिन्ह अधिकृत करण्यात आले. हा निर्णय मुलांचा भार हलका करण्यासाठी होता. परंतु पुढे वाचनयंत्रे तयार करणाऱ्यांनाही त्याचा लाभ झाला. अर्थात जुनी पुस्तके आणि धार्मिक ग्रंथ जुन्याच चिन्हांनी लिहिलेले असल्याने चांगल्या यंत्रणेस दोन्ही पद्धती ओळखाव्या लागतात.

या सोयीला एक मोठा अपवाद आहे. संपूर्ण शब्द मोठ्या लिपीत, म्हणजे कॅपिटल अक्षरांत लिहिला, तर ग्रीकमध्ये आघातचिन्ह देण्याची प्रथा नाही. मथळे, पाट्या, शिक्के आणि अर्जांचे नमुने अनेकदा असेच लिहिलेले असतात. अशा ठिकाणी 'नोमोस' हा शब्द आला, तर तो कायदा की जिल्हा, हे लेखनावरून समजत नाही. २०११ च्या प्रारंभापासून ग्रीसच्या प्रशासकीय रचनेतून 'नोमोस' हा जिल्ह्याचा घटक गेला; परंतु जुन्या कागदपत्रांत तो ठायी ठायी आढळतो. मनुष्य संदर्भाने ओळखतो. यंत्रालाही संदर्भच शिकवावा लागतो. शब्दापुढे क्रमांक असेल तर बहुधा कायदा, स्थळाचे नाव असेल तर बहुधा जिल्हा. असे शेकडो संकेत गोळा करून यंत्रणेत भरावे लागतात आणि तरीही काही शंका उरतातच.

अंक, संक्षेप आणि विरामचिन्हे

डोळ्यांना क्षुल्लक वाटणाऱ्या खुणा यंत्राची खरी परीक्षा घेतात. ग्रीक लेखनात प्रश्नचिन्ह आपल्या अर्धविरामासारखे दिसते, तर अर्धविरामासाठी ओळीच्या वरच्या बाजूस एक टिंब देतात. इंग्रजी वळणाचे यंत्र ते चिन्ह पाहून क्षणभर थांबेल आणि प्रश्नाचा सूर लावणारच नाही. ग्रीकमध्ये 'यानिस गेला' हे विधान आणि 'यानिस गेला का?' हा प्रश्न तेच शब्द त्याच क्रमाने ठेवून करता येतो. फरक असतो तो केवळ सुराचा. त्यामुळे या एका चिन्हाचा अर्थ चुकला की प्रश्नाचे विधान होते.

अंकांची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. ग्रीक पद्धतीत हजारांच्या जागी टिंब देतात आणि दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात. आपली रीत नेमकी याच्या उलट आहे. दीड हजार युरोची रक्कम परक्या नियमाने वाचली, तर ती दीड युरो होईल. निवृत्तिवेतनाचा कागद ऐकणाऱ्या वृद्धाच्या दृष्टीने ही चूक लहान नव्हे.

शिवाय ग्रीकमध्ये काही संख्यावाचक शब्द नामाच्या लिंगाप्रमाणे बदलतात. दोनशे द्राख्मा म्हणावयाचे असेल तर 'दिआकोसिएस', कारण द्राख्मा स्त्रीलिंगी. दोनशे युरो म्हणावयाचे असेल तर 'दिआकोसिआ', कारण युरो नपुंसकलिंगी. १ जानेवारी २००२ पासून ग्रीसमध्ये द्राख्माऐवजी युरोच्या नोटा आणि नाणी चलनात आली, तेव्हा लोकांच्या जिभेवरील संख्यांची रूपेही त्याबरोबर बदलली. कागदावर मात्र दोन्ही वेळा २०० असेच लिहिलेले असते. म्हणजे अंक वाचण्यापूर्वी यंत्राला पुढचे नाम पाहावे लागते आणि त्याचे लिंगही माहीत असावे लागते.

संक्षेपांचा एक नमुना पुरेसा आहे. 'पी' आणि 'खी' या दोन वर्णांचा संक्षेप दोन्ही लहान अक्षरांत लिहिला, तर त्याचा अर्थ 'उदाहरणार्थ'. त्यातील 'खी' मोठ्या लिपीत लिहिला, तर अर्थ होतो 'ख्रिस्तपूर्व'. काम सोपे व्हावे म्हणून यंत्रणेने सर्व अक्षरे आधीच लहान करून टाकली, तर इतिहासाच्या पुस्तकातील सनावळी बिघडलीच म्हणून समजावे.

आवाज घडतो कसा?

उच्चार निश्चित झाल्यावर आवाजाची पाळी येते. प्रारंभीच्या यंत्रणांत मनुष्याच्या मुखातील आवाजाचे गुणधर्म गणिताने मांडून कृत्रिम ध्वनी निर्माण करीत. हा आवाज कोरडा लागतो. पण तो स्पष्ट असतो आणि त्यासाठी संगणकात जागाही फार थोडी लागते.

दुसरी रीत सांध्यांची आहे. बोलताना प्रत्येक ध्वनी शेजारच्या ध्वनीत मिसळतो. म्हणून सुटे ध्वनी एकापुढे एक ठेवले तर बोलणे तुटक होते. यावर उपाय म्हणून एका ध्वनीच्या मध्यापासून पुढच्या ध्वनीच्या मध्यापर्यंतचा तुकडा ध्वनिमुद्रित करतात. तीस ध्वनी धरले, तर जास्तीत जास्त तीस गुणिले तीस, म्हणजे ९०० तुकडे होतात. त्यांच्या जुळणीतून भाषेतील कोणताही शब्द बनविता येतो. बेल्जियममधील माँस येथे १९९० च्या दशकात विकसित झालेल्या 'एम्ब्रोला' या प्रकल्पात अनेक भाषांबरोबर ग्रीक आवाजही या पद्धतीने तयार करण्यात आले. पुढे संगणकाची साठवणशक्ती वाढली, तेव्हा एकाच व्यक्तीचे कित्येक तासांचे वाचन ध्वनिमुद्रित करून त्यातून योग्य तो तुकडा प्रत्येक वेळी निवडण्याची पद्धत रूढ झाली.

२०१६ साली 'वेव्हनेट' या प्रणालीने नवे पर्व सुरू केले. मेंदूतील मज्जातंतूंच्या जाळ्यावरून कल्पना घेतलेल्या या गणिती प्रणाली मजकूर आणि त्याचे ध्वनिमुद्रण यांच्या जोड्यांवरून स्वतःच बोलावयास शिकतात. त्यांचा आवाज मनुष्याच्या आवाजापासून वेगळा ओळखणे कित्येकदा कठीण जाते. अशा शिक्षणासाठी पुष्कळ सामग्री लागते. २०१९ साली दहा भाषांसाठी खुला करण्यात आलेल्या एका ध्वनिसंग्रहात ग्रीकचाही समावेश आहे. स्वयंसेवकाने वाचलेल्या पुस्तकाचे सुमारे चार तासांचे ध्वनिमुद्रण त्यात आहे.

नव्या पद्धतीमुळे भाषेच्या जाणकारांची गरज संपली, असे मात्र समजू नये. चार तासांच्या कथावाचनात कायद्याचे क्रमांक, औषधांची मात्रा किंवा गावांची नावे फारशी येत नाहीत. आणि जे ऐकले नाही ते यंत्र अंदाजाने बोलते. जुने यंत्र चुकले तर चूक कानाला खटकत असे. नवे यंत्र चुकीचा शब्दही गोड आणि आत्मविश्वासाच्या स्वरात वाचून जाते. म्हणून त्याच्यावर देखरेख अधिक काळजीपूर्वक ठेवावी लागते. ज्याचा आवाज वापरावयाचा, त्याची संमती घेणे हेही आता अगत्याचे झाले आहे.

अथेन्समधील कार्य

प्रारंभी उल्लेखिलेली डेमोस्थेनीस यंत्रणा अथेन्स विद्यापीठात गेरासिमोस क्सिदास आणि येओर्गिओस कुरुपेत्रोग्लू यांनी विकसित केली. केवळ शब्द वाचून थांबू नये, तर लेखाची मांडणीही ऐकणाऱ्याला कळावी, असा विचार तिच्यामागे होता. मथळा कोठे आहे, ठळक अक्षरांत काय लिहिले आहे, तक्त्यातील रकाने कोणते, हे डोळस वाचकाला एका दृष्टिक्षेपात समजते. तीच माहिती स्वरातील बदलांनी अंध श्रोत्यापर्यंत कशी पोहोचवावी, यावर या संशोधकांनी विशेष काम केले.

अथेन्समध्येच भाषा आणि वाक्-प्रक्रिया यांचे संशोधन करणारी एक स्वतंत्र राष्ट्रीय संस्था आहे. तिने ग्रीक वाचनासाठी 'एकफोनितीस', म्हणजे 'निवेदक', ही यंत्रणा तयार केली. या संस्थेतील संशोधनातून २००६ साली 'इनोएटिक्स' ही कंपनी उभी राहिली आणि २०१७ साली ती कोरियातील सॅमसंग कंपनीने विकत घेतली. भाषेच्या गरजेपोटी सुरू केलेल्या संशोधनाला जगाच्या बाजारात किंमत मिळते, याचे हे उदाहरण होय.

विद्यापीठे आणि कंपन्या यांच्याबरोबरीने स्वयंसेवी प्रयत्नांचाही उल्लेख केला पाहिजे. जोनाथन डडिंग्टन यांनी रचलेली 'ई-स्पीक' ही विनामूल्य यंत्रणा अनेक भाषा वाचते. त्यांत ग्रीक आहे आणि मराठीही आहे. तिचा आवाज यांत्रिक आहे, पण ती साध्या संगणकावरही चालते. २००६ साली ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने पडद्यावरील मजकूर वाचणारी 'एनव्हीडीए' ही विनामूल्य प्रणाली सुरू केली, तिलाही या आवाजाचा आधार मिळाला.

कसोटी ऐकणाऱ्याची

यंत्रणा चांगली की वाईट, हे शेवटी ऐकणाऱ्यानेच ठरवावयाचे असते. श्रोत्यांना वाक्ये ऐकवून १ ते ५ गुण देण्यास सांगतात आणि त्यांची सरासरी काढतात. आवाज कळतो किंवा नाही हे पाहण्यासाठी मुद्दाम अर्थ न लागणारी वाक्येही ऐकवितात, म्हणजे श्रोत्याला संदर्भावरून तर्क करता येत नाही. याहून महत्त्वाची कसोटी रोजच्या वापराची. सराव झालेले अनेक अंध वाचक यंत्र पुष्कळ वेगाने चालवून ऐकतात. अशा वेळी मधुर आवाजापेक्षा जुना, कोरडा पण स्पष्ट आवाज त्यांतील बऱ्याच जणांना सोयीचा वाटतो. ज्यांच्यासाठी योजना आखावयाची, त्यांनाच आधी विचारावे, हा विकासकार्यातील नियम येथेही लागू पडतो.

लिहिणाऱ्याची जबाबदारी

२०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असलेल्यांची संख्या ८ कोटी ३० लाखांहून अधिक आहे, म्हणजे ग्रीक भाषकांच्या सहापटीहून जास्त. मराठी वाचणारी यंत्रणा आज उपलब्ध आहे. भारतीय भाषांसाठी चाललेल्या संशोधनात मराठीचा समावेश आहे आणि २०२२ साली सुरू झालेल्या केंद्र शासनाच्या 'भाषिणी' उपक्रमातही तिला स्थान आहे. मात्र ग्रीकप्रमाणेच मराठीचीही स्वतःची वळणे आहेत. 'जरा' हा शब्द 'थोडे' या अर्थी एका प्रकारे आणि 'म्हातारपण' या अर्थी दुसऱ्या प्रकारे उच्चारला जातो. लेखनात भेद नाही. आपल्या कागदपत्रांतील 'ता.' हा संक्षेप कधी तारीख असतो, तर कधी तालुका. '१' या अंकापुढे 'ला', 'ली' किंवा 'ले' लिहिले, की 'पहिला', 'पहिली' किंवा 'पहिले' असे वाचावयाचे, हे यंत्राला कोणीतरी सांगावेच लागते.

हे सांगण्याचे काम तज्ज्ञांचे असले, तरी मजकूर लिहिण्याचे काम आपणा सर्वांचे आहे. ग्रामपंचायतीची सूचना, शाळेचे परिपत्रक किंवा कचेरीचा आदेश कागदावर छापून त्याचे नुसते छायाचित्र संगणकावर चढविले, तर पुष्कळ यंत्रांच्या दृष्टीने तो कोरा कागद ठरतो. छपाईच्या जुन्या खाजगी संकेतांत टंकलिखित केलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण यंत्राला त्यात निरर्थक वर्णांची सरमिसळ आढळते. यासाठी मजकूर युनिकोड या सर्वमान्य संकेतात टंकलिखित करावा, मथळे मथळे म्हणूनच नोंदवावेत, संदिग्ध संक्षेप टाळून पूर्ण शब्द लिहावेत आणि विरामचिन्हे योग्य जागी द्यावीत. या गोष्टींना वेगळा खर्च येत नाही. त्यांसाठी हवी असते ती सवय.

ग्रीसमध्ये एका आघातचिन्हाने कायदा आणि जिल्हा वेगळे होतात. आपल्या गावातील अंध खातेदारालाही आपल्या सात-बाराचा उतारा, मुलाचा शाळेचा दाखला किंवा ग्रामसभेची सूचना कोणाचीही मनधरणी न करता ऐकता आली पाहिजे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कविषयक कायद्याने माहिती सुलभ रूपात मिळण्याची हमी त्याला दिली आहे. ही हमी प्रत्यक्षात उतरण्याची सुरुवात आपल्या टेबलावरील पुढच्या कागदापासून करता येण्यासारखी आहे.